मावशी कुणाच्या गावची

नवरा गेला त्याच्या पुढच्या महिन्यात शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कने माझा पासपोर्ट हातात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, अब आप कहाँ जाएँगी?" केरळचा भला माणूस. मी म्हटलं, "देखते हैं." त्यानं मान हलवली, जणू ते एखाद्या गावाचं नाव होतं आणि तिथं त्याचेही कुणी नातेवाईक होते.

अबुधाबीत आलो तेव्हापासून माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर होता. मी शाळेत इतिहास शिकवत असले, तरी कागदावर त्याची बायको म्हणूनच इथं होते. तो नाही, म्हणून तो कागदही नाही. शाळेनं परीक्षा संपेपर्यंत मला आपल्या कागदांवर घेतलं आहे. त्यानंतर कुठलं तरी गाव सांगावं लागेल.

हा नियम मला नवा नाही. लग्नाआधी पुण्यात एम.ए. करताना मी अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या गरिबांच्या कायद्यावर प्रबंध लिहिला होता. विषय मला फार आवडला होता असं नाही. मार्गदर्शकांकडे त्यावरची पुस्तकं होती, एवढंच. पण वाचता वाचता त्यात अडकले. तिथं एकेका चर्चभोवतीच्या वस्तीला पॅरिश म्हणत, आणि आपापल्या गरिबांना पोसायची जबाबदारी कायद्यानं त्या त्या पॅरिशवर होती. आपापल्या, हा शब्द महत्त्वाचा. म्हातारा आजारी पडला, बाई विधवा झाली, की पहिला प्रश्न हा की हे माणूस कुणाच्या गावचं? जन्म कुठला, लग्न कुणाशी, वर्षभर चाकरी कुठं केली, पॅरिशचा कर कधी भरला का? एखाद्या गावात पूर्ण वर्ष चाकरी केली की ते तुमचं हक्काचं गाव होई. म्हणून काही मालक वर्षाला चार दिवस कमी पडतील एवढ्याच बोलीवर गडी ठेवत. माणूस एका गावात आणि त्याचं हक्काचं गाव दुसरं असेल, तर त्याला गाडीत घालून तिकडे पोचवत. मग ते गाव कोर्टात जाई, की हा आमचा नव्हे. एका आंधळ्या म्हातारीसाठी दोन गावांनी वकिलांवर जो खर्च केला, त्यात ती मरेपर्यंत जेवली असती, असं मी प्रबंधात कुठंतरी लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी ते वाक्य काढायला लावलं. म्हणाले, हे मत झालं.

काही वर्षांपूर्वी आमच्या मावशीची गोष्ट घडली तेव्हा हे सगळं मी विसरले होते.

मावशी कर्नाटकातल्या खानापूरकडची. तरुणपणी मुंबईत कामाला आली, वसईच्या एका ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं, त्याच्याबरोबर चर्चमध्ये जाऊ लागली. तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मग ती दुबईच्या देरा भागातल्या एका खानावळीच्या व्हिसावर इकडे आली. खानावळीचं काम कमी झाल्यावर फुजैराला गेली आणि बंदरावर काम करणाऱ्या एकट्या मुलांना डबे देऊ लागली. तिचं खरं नाव चर्चमधलं होतं, पण आम्ही मराठी लोक तिला मावशी म्हणायचो आणि वसईचे लोक आंटी. दोन्ही हाकांना ती ओ देई. गणपतीत आमच्याकडे अबुधाबीला राहायला येई आणि मराठी मंडळाच्या गणपतीचे उकडीचे मोदक एकटी करी. तिची उकड कधी फाटली नाही. डिसेंबरात वसईच्या लोकांसाठी टोपली भरून मैद्याचे गोल फुगे तळी, तेही असेच हलके. आमच्याकडे बायका तिला गमतीनं म्हणत, "मावशी, देव बदलला तरी हात नाही बदलला हो." ती म्हणे, "हात कशाला बदलंल? देवाला काय, कुणीबी करून घाला."

तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा देऱ्यातली ती खानावळ बंद पडून मालक कुठं तरी निघून गेला होता. म्हणजे तिच्या पासपोर्टवर ज्याचा शिक्का होता तो माणूसच नव्हता. फुजैराच्या हॉस्पिटलनं उपचार केले आणि मग कळवलं, की बाई व्हीलचेअरवरून प्रवास करू शकेल. सोबत कुणी तरी हवं आणि उतरल्यावर ताब्यात घ्यायला कुणी तरी हवं. एवढाच प्रश्न होता. तिला कोण नेणार आणि कुठं.

शुक्रवारी सकाळी मंडळाच्या कमिटीची मीटिंग झाली. नवरा कमिटीत होता आणि मी चहा द्यायला म्हणून बसले होते. आमचे अध्यक्ष बँकेतले, मनानं चांगले, पण सावध.

"मावशी आपल्या, यात वादच नाही," ते म्हणाले. "पण आपल्या म्हणजे नेमक्या कशा, हे बघायला नको का? उद्या हा पायंडा पडेल."

"मूळच्या खानापूरच्या ना?" कुणी तरी म्हणालं. "मग गेल्या की कर्नाटकात!"

"अहो, कन्नडवाले म्हणतील, मराठी बोलते, तुमची तुम्हाला लखलाभ."

हसणं झालं. मग कुणी तरी म्हणालं, की लग्नानं ती वसईची, आणि नाव तर चर्चमधलं. त्यांचा ग्रुप मोठा आहे, हॉटेल लाइनमधले लोक आहेत, त्यांना काय जड आहे?

"मोदक आपल्याकडे करत होती," नवरा म्हणाला.

"वर्गणी भरायची का?" अध्यक्षांनी विचारलं.

"मोदक करायची," नवरा पुन्हा म्हणाला.

"ते झालंच हो. पण सभासद म्हणून नाव नाही ना कुठं."

चहाचा ट्रे माझ्या हातात तसाच राहिला. वर्गणी, म्हणजे पॅरिशचा कर. वर्षानुवर्षं बंद असलेलं पुस्तक कुणी तरी वाचत आहे असं वाटलं, तेही मराठीत आणि आमच्याच हॉलमध्ये.

उठताना अध्यक्षांनी सगळ्यांना बजावलं, "आणि एक करा. निर्णय होईपर्यंत मंडळातर्फे कुणी हॉस्पिटलात फळंबिळं घेऊन जाऊ नका. एकदा आपण गेलो की ती आपलीच, असं होतं. मग खलास."

हेही मला पाठ होतं. परक्या गावात राहणाऱ्या म्हातारीला एखाद्या पॅरिशनं नुसती भाकरी धाडली, तरी ती कोर्टात पुरावा ठरे, की बघा, तुम्ही तिला आपली मानता. म्हणून भाकरीसुद्धा धाडायची नाही. तिच्यावर जीव नव्हता असं नाही. भाकरीचा अर्थ काय लागेल, याची भीती होती.

दोनच दिवसांनी वसईच्या ग्रुपचे एक गृहस्थ आमच्या घरी आले. हॉटेलात अकाउंट्स बघायचे. बोलणं गोड, कपाळावर घाम. चहा घेताना म्हणाले, "आंटी आमच्याच हो, आमी नाय कुठं म्हनतो? पन गेली काही वरसं चर्चमधी मासला दिसल्या नायत. तुमच्याकडं हळदीकुंकवाला मात्र असायच्या."

"कुंकू लावून घ्यायची नाही," मी म्हटलं. "वाण घ्यायची."

"तेच. वाण घेतलं ना?"

"आणि तुमचे ख्रिसमसचे फुगे?" नवऱ्यानं विचारलं.

गृहस्थ जरा हसले. "फुग्यांचं काय, फुगे सगळेच खातात. तुमी पन खाल्लेत." मग कप खाली ठेवून, ज्यासाठी आले होते ते विचारलं. "तुमच्यातलं कुनी भेटून आलं का तिला?"

"नाही अजून."

"आमच्यातलं पन नाय." त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. लगेच लाजही वाटली असावी, कारण ते उठून उगाच आमच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करू लागले. ती इथंच वाढलेली. तिनं वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "अंकल, व्हाय डझन्ट समबडी जस्ट गो?" गृहस्थ म्हणाले, "हुशार हाय."

दरम्यान दोन्हीकडून भारतात फोन झाले. अध्यक्षांनी खानापूरला मावशीच्या भावाला लावला. तो म्हणाला, ती बाटली त्या दिवशी आम्हाला मेली. गृहस्थांनी वसईला तिच्या नणंदेला लावला. ती म्हणाली, माझा भाऊ गेला आणि ही निघाली गल्फला, इथं नांदली किती? जिथं नांदली त्यांनी बघावं. दोघांनी तिचं हक्काचं गाव दुसरीकडे दाखवलं. आणि जिथं ती खरंच नांदली, म्हणजे देरा आणि फुजैरा, तिथं तर कुणाचंच गाव होत नाही. त्या जुन्या इंग्रजी कायद्यानं वर्षाच्या चाकरीवर निदान एक गाव दिलं असतं. इथं येताना हे सगळ्यांनाच माहीत असतं. फक्त कुणी आजारी पडलं की ते पुन्हा आठवतं.

पुढच्या शुक्रवारी नवरा सकाळी उठून पेज करायला लागला. त्याला स्वयंपाक येत नसे. तांदूळ आधी भाजायचे की नंतर, असं त्यानं मला विचारलं. मी ती थर्मासमध्ये भरून दिली, बरोबर लिंबाचं गोड लोणचं. अध्यक्षांना त्यानं फोन करून एवढंच सांगितलं, की आम्ही दोघं फुजैराला चाललोय. मग अध्यक्ष म्हणाले, "बरं, वहिनींना घेऊन जाताच आहात तर त्यांना म्हणावं, सगळं नीट विचारून घ्या. जन्म, लग्न, कुठं किती वर्षं. त्या इतिहासाच्या आहेत."

वाटेत डोंगर सुरू झाले तिथं, मसाफी गावाजवळ थांबून पाणी घेतलं, तेव्हा नवरा म्हणाला, "तू विचार हवं ते. मी पेज भरवतो."

मावशी खिडकीजवळच्या खाटेवर होती. तोंड एका बाजूला ओढलं होतं, पण डोळे तेच. आम्हाला बघून हसली, अर्धंच. नवऱ्यानं खुर्ची ओढून चमच्यानं पेज भरवायला सुरुवात केली. निम्मी सांडत होती. मी विचारू लागले. मावशी, जन्म कुठल्या गावचा? वडील काय करायचे? लग्न कुठं लागलं, कुणी लावलं? सासरी किती दिवस होतात? देऱ्याला कधी आलात?

एकेक शब्द गोळा करत ती सांगत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाई, माझी सोयरीक जमवायला आलासा काय? मुलगा तरी दाखवा आधी."

नवरा इतका हसला की पेज त्याच्याच शर्टावर सांडली. शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे बघू लागली. मी पण हसले, पण मला बरं वाटत नव्हतं. प्रबंधासाठी मी असल्याच जबान्या वाचल्या होत्या. न्यायाधीशासमोर उभं राहून गरिबांनी दिलेल्या. मी अमुक गावी जन्मले, अमुक घरी वर्षाच्या चाकरीवर राहिले, अमुक माणसाशी लग्न केलं, तो समुद्रावर गेला. सगळा जन्म अर्ध्या पानात, आणि शेवटी अंगठा. त्या कागदांत एक प्रश्न मी कधीच वाचला नव्हता, आणि आमच्या मीटिंगमध्येही तो कुणाला सुचला नव्हता. मलाही तो तिथं, तिच्या हनुवटीवरून पेज पुसताना सुचला.

"मावशी, तुम्हाला कुठं जायचंय?"

तिनं तोंडातली पेज गिळली. मग म्हणाली, "नेणाऱ्याला कुठलं सोयीचं?"

"नेणाऱ्याचं राहू द्या," नवरा म्हणाला. "तुम्ही सांगा."

"मग हितंच. फुजैराला. माझी पातेली हायेत हितं. पोरं डब्याला येत्यात."

व्हिसा नसताना ते शक्य नव्हतं, हे आम्हाला सांगावं लागणार होतं. तिलाही ते ठाऊक होतं. तिनंच आम्हाला त्यातून सोडवलं. "न्हाई व्हायचं ते. मग वसईला न्या. त्यो तिथं हाय मातीत. नणंद तोंडाळ हाय, पण तिच्या हातचं जेवण चांगलं असतंय."

येताना गाडीत, नणंदेनं काय सांगितलं होतं त्याची मी नवऱ्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, "तिला 'ठेवाल का' असं विचारलं होतं. असं विचारल्यावर कुणीही नाही म्हणेल."

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात आपली वार्षिक रजा टाकली. त्या वर्षी आम्ही मुलीला घेऊन पुण्याला जाणार होतो, ते राहिलं. कागद व्हायला बरेच हेलपाटे झाले. वकिलातीत, इमिग्रेशनला, पुन्हा हॉस्पिटलात. सगळीकडे इन्शाल्ला ऐकून तो घरी येई आणि बूट न काढता सोफ्यावर बसून राही. कागद झाले तेव्हा त्यानं वसईला फोन लावला. मी शेजारी होते.

"नमस्कार. तुमच्या भावजयीला घेऊन येतोय. येत्या बुधवारी दुपारी तीनला मुंबईत सहारला उतरतो. व्हीलचेअर आहे, तेव्हा गाडी जरा मोठी बघा." मग थोडा वेळ त्यानं फोन कानापासून दूर धरला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. शेवटी "बरं" म्हणून त्यानं फोन ठेवला.

"हो म्हणाली?"

"नाही. पण 'मोठी म्हणजे कसली, टेम्पो का?' असं विचारलं."

विमानतळावर काय झालं ते त्यानं परत आल्यावर सांगितलं. नणंद आली होती, एक पुतण्या आणि भाड्याची गाडी घेऊन. मावशीला बघताच कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आलीस? हात-पाय चालत होते तवा नाय आठवली वसई?" मावशी म्हणाली, "तुझी आठवण झाली म्हणून तर झटका आला." मग नणंदेनं तिचा ओढलेला चेहरा जवळून पाहिला, आपल्या पदरानं तिची लाळ पुसली आणि पुतण्यावर ओरडली, की उभा काय राहिलास, धर तिकडून. नवऱ्याला तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. गाडी निघताना मात्र खिडकीतून म्हणाली, "फोन करीत जा. टाकून गेलात असं नको."

तो परत आल्यावर अध्यक्षांचा फोन आला. "उत्तम काम झालं. पण ते मंडळाच्या नावानं नाही ना गेलं कुठं?"

"नाही. मी रजेवर गेलो होतो," नवरा म्हणाला.

त्या वर्षी गणपतीला आम्ही बायकांनी मिळून मोदक केले. उकड फाटली, सारण बाहेर आलं. सगळ्यांनी खाल्ले आणि कुणी मावशीचं नाव काढलं नाही. वसईला नवरा दर दोन-तीन महिन्यांनी फोन करी. मावशीचं बोलणं पुढे थोडं सुधारलं. नणंदेच्या तक्रारी तीच त्याला सांगे, आणि नणंद मागून त्यांना उत्तरं देई.

नवरा गेला तेव्हा हेच अध्यक्ष तीन दिवस आमच्या घरातून हलले नाहीत. दाखले, परवानग्या, स्मशानाची वेळ, सगळं त्यांनी केलं. वसईचे ते गृहस्थ दोन्ही वेळचं जेवण घेऊन येत होते. तो कुठला, कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. मी त्यांच्याविषयी जे वर लिहिलं ते खरं आहे आणि हेही खरं आहे.

आता सगळे मला विचारतात, कुठं जाणार. प्रेमानं विचारतात. भाऊ पुण्याहून म्हणाला, ये की, पण आपली जागा केवढी, ते तुला माहीतच आहे. सासरचं घर विकून झालं आहे. मुलीला विचारलं तर म्हणते, "आई, आय अ‍ॅम फ्रॉम हिअर," आणि तिच्यापाशी तसा कागद नाही. प्रबंधातला एक नियम हल्ली सारखा आठवतो. बाईला नवऱ्याचं गाव मिळे. पण नवरा परका असला, त्याला त्या देशात कुठलंच गाव नसलं, तर तिचं माहेरचं गाव तो जिवंत असेपर्यंत झोपून राही आणि तो मेला की जागं होई. तेव्हा हे वाचून मला त्या न्यायाधीशांच्या डोक्याचं कौतुक वाटलं होतं. माझं कुठलंच गाव जागं झालेलं नाही. त्याच्या अस्थी कपाटात, त्याच्या शर्टांच्या खणात आहेत. त्यांनाही अजून सांगितलेलं नाही कुठं ते.

परवा दुपारी शाळेतून आले तर फोन वाजत होता. वसईहून. आधी नणंद बोलली. बातमी त्यांना उशिरा कळली होती, त्याबद्दल ती मलाच रागावली. मग तिनं फोन मावशीच्या कानाला लावला. तिचा श्वास ऐकू आला. मला वाटलं, आता ती तेच विचारेल. मी "देखते हैं" मराठीत कसं म्हणायचं ते ठरवत होते.

"बाई," मावशी म्हणाली, "विमान किती वाजता उतरतंय? गाडी मोठी सांगू का बारकी?"

मागे नणंद म्हणत होती, पोरगी संगती असंल, सामान असंल, मोठीच सांग.

"परीक्षा संपल्यावर," मी म्हटलं. "दुपारचं असेल. तीनचं."

"तीनचं," ती नणंदेला म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी तशीच उभी राहिले. तिथं किती दिवस राहायचं, पुढे काय, मुलीचं कॉलेज कुठं, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. तिकीटही काढलेलं नव्हतं. मग पर्स घेतली आणि दुपारी तीनला उतरणारं विमान अजून आहे का, ते विचारायला खाली ट्रॅव्हलवाल्याकडे गेले.